डॅन डॉनेलीची पावले: आयर्लंडच्या गावाकडचा बलवान माणूस दंतकथेत कसा शिरतो

आयर्लंडच्या किल्डेअर काउंटीत, डब्लिनपासून नैर्ऋत्येला साधारण पन्नास किलोमीटरवर, कर्रा नावाचे सुमारे पाच हजार एकरांचे गवताळ माळरान आहे. तेथे घोड्यांच्या शर्यती होतात, लष्कराची छावणी आहे आणि उरलेल्या जागेत मेंढ्या चरतात. हे माळ संत ब्रिजिडने मिळवले, अशी जुनी समजूत आहे. राजाने तिला अंगावरच्या वस्त्राखाली मावेल एवढीच जमीन देऊ केली, तिने ते वस्त्र अंथरले आणि ते पसरत पसरत सगळ्या माळावर गेले. वामनाची तीन पावले ऐकत वाढलेल्या आपल्याला याचे फारसे नवल वाटू नये. याच माळाच्या एका कडेला जमीन बशीसारखी खोल गेली आहे. तिला डॉनेलीचा खळगा म्हणतात. खळग्याच्या तळाशी लोखंडी कठड्याच्या आत एक लहानसा दगडी स्तंभ आहे आणि त्या स्तंभापासून उतारावर वर चढत जाणारी, गवतात खोल उमटलेली पावलांची एक रांग आहे. ही पावले डॅन डॉनेलीची आहेत, असे तेथे सांगतात. डॉनेली १८२० मध्ये वारला. दोनशे वर्षे पावसाच्या देशात मातीतले ठसे कसे टिकले, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, पण त्या उत्तरापर्यंत जाण्यासाठी आयर्लंडमध्ये बलवान माणसाची गोष्ट कशी तयार होते हे आधी समजून घ्यावे लागते.

लोकसाहित्याचे अभ्यासक दोन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या धरतात. एक आटपाट नगराची गोष्ट. ती खरी आहे असे सांगणारा म्हणत नाही आणि ऐकणाराही मानत नाही. दुसरी दंतकथा. ती खरी म्हणूनच सांगितली जाते. तिच्यात माणसाचे नाव असते, गावाचे नाव असते आणि बहुतेक वेळा बोटाने दाखवता येईल अशी एखादी जागा असते. आयर्लंडमध्ये हा भेद सांगणाऱ्यांच्या नावांतही उतरला आहे. लांबलचक वीरकथा पाठ म्हणून दाखवणाऱ्याला ‘श्केली’ म्हणत आणि गावातील माणसे, घराणी, शेते व घडून गेलेल्या गोष्टी यांची माहिती राखणाऱ्याला ‘शॅनखी’ म्हणत. हिवाळ्याच्या लांब रात्री शेजारी एकमेकांच्या घरी चुलीपाशी जमत आणि पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीसारख्या जळणाच्या, धगीवर हात शेकत या गोष्टी चालत. बलवान माणसाची गोष्ट मुख्यतः शॅनखीच्या वाट्याची होती आणि तिच्यावर एक अदृश्य लगाम असे. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्या माणसाच्या नातवाला बाजारात पाहिलेले असे, आणि त्याने गाडी जेथून ओढून काढली तो चिखलही त्यांच्या पायांखालचाच असे.

या लगामाचे महत्त्व कळण्यासाठी, लगाम नसलेली गोष्ट शेजारी ठेवून पाहणे बरे. आयर्लंडचा सर्वांत प्रसिद्ध बलवान म्हणजे फिन मॅककूल. जुन्या वीरकथांमध्ये तो फियाना नावाच्या योद्ध्यांच्या टोळीचा नायक आहे, पण गावोगावच्या तोंडी परंपरेत तो हळूहळू राक्षसाएवढा झाला आणि मुलूख घडवणाऱ्याचे काम त्याच्याकडे आले. उत्तरेकडे अँट्रिमच्या किनाऱ्यावर जायंट्स कॉजवे येथे सुमारे ४०,००० बेसाल्टचे खांब, बहुतेक षटकोनी, एकमेकांना खेटून समुद्रात उतरत जातात. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, त्यातून हे खांब बनले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरचे उभे खांबही अशाच रीतीने बनले आहेत. गोष्टीत मात्र हा फिनने स्कॉटलंडला जाण्यासाठी बांधलेला रस्ता आहे आणि समुद्रापलीकडे स्टाफा बेटावर तसलेच खांब असल्यामुळे ऐकणाऱ्याला रस्त्याचे दुसरे टोकही दाखवता येते. कॅव्हन काउंटीत शँटेमन येथे ओळीने उभे असलेले पाच प्राचीन दगड म्हणजे फिनची बोटे. लॉख नेय हे उत्तरेतील मोठे सरोवर म्हणजे फिनने शत्रूवर फेकण्यासाठी मातीचे ढेकूळ उपटले तो खड्डा, आणि ते ढेकूळ नेम चुकून समुद्रात पडले ते आइल ऑफ मॅन. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ३९० चौरस किलोमीटर आहे आणि बेटाचे ५७२. खड्ड्यापेक्षा ढेकूळ मोठे निघाले म्हणून या गोष्टीचे काहीही अडलेले नाही, कारण ती मोजण्यासाठी सांगितलेलीच नाही.

फिनच्या गोष्टींत आणखी एक गंमत आहे, आणि ती मला मोलाची वाटते. इतका बलदंड पुरुष, पण स्वतःहून मोठा राक्षस चालून येतो आहे हे कळताच तो घाबरून घरी पळतो आणि बायको त्याला वाचवते. टायरोन काउंटीतील नॉकमनी टेकडीच्या कथेत ही बायको, ऊना, फिनला बाळाची टोपी घालून पाळण्यात निजवते आणि पावाच्या काही लाद्यांमध्ये लोखंडी तवे घालून त्या भाजते. पाहुणा आला की ती आदराने त्याच्यापुढे तीच लादी ठेवते आणि त्याचे दात पडतात. मग ती पाळण्यातल्या ‘बाळा’च्या हातात तवा नसलेली लादी देते आणि बाळ ती मटामट खाऊन टाकते. ज्याचे बाळ असे, तो बाप कसा असेल या विचाराने राक्षसाचे अवसान गळते. आयरिश गावात नुसत्या बळाचे फार कौतुक होत नाही, बळाची थट्टाही सोबतीने चालते, हे लक्षात ठेवावे. डॉनेलीच्या गोष्टीतही ती थट्टा येणार आहे.

फिनच्या खाली, म्हणजे जमिनीच्या जवळ, गावाचा बलवान माणूस येतो. आयरिश भाषेत त्याला ‘फॅर लादिर’, म्हणजे नुसते ‘ताकदवान माणूस’, म्हणतात. त्याला आडनाव असते आणि चर्चच्या आवारात त्याचे थडगे असते. त्याचे पराक्रम जवळजवळ नेहमी कामाच्या भाषेत मोजले जातात: किती वजनाचे पोते किती लांब नेले, एका दिवसात किती गवत कापले, रुतलेली गाडी खांद्याने कशी काढली. पीट कापणे, कापणी, मळणी अशी कामे शेजाऱ्यांनी मिळून करण्याच्या पद्धतीला ‘मेहिल’ म्हणत आणि अशा जमावात कोण किती उचलतो हे सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरत असे. त्यामुळे एखाद्याच्या ताकदीची कीर्ती ही बढाई नसून, पुष्कळांच्या साक्षीने दिलेला दाखला असे.

या कीर्तीचे सर्वांत भक्कम साधन म्हणजे ‘क्लोख नर्त’, बळाचा दगड. आयर्लंडच्या अनेक गावांत, स्मशानभूमीच्या भिंतीशी, चौकात किंवा जुन्या चर्चच्या जवळ, एखादा गोलसर, हाताला धड पकड न देणारा दगड पडलेला असे, आणि तरुण पोराने तो उचलणे म्हणजे तो पुरुषात जमा होणे. उचलण्याच्याही पायऱ्या होत्या. दगड जमिनीपासून जरासा सुटला की ‘त्याच्याखाली वारा घातला’ असे म्हणत, आणि एवढेसुद्धा बहुतेकांना जमत नसे. मग मांडीपर्यंत, मग छातीपर्यंत. पश्चिम किनाऱ्यासमोरच्या अरन बेटांपैकी इनिश मोरवर असा एक दगड आहे, त्याचे वजन सुमारे १७० किलो आहे. वाकून त्याला मिठी घालणाऱ्याचे दोन्ही हात खालच्या बाजूने एकमेकांना मिळत नाहीत तोवर काही घडत नाही. दगड खरखरीत असल्यामुळे दंडाच्या आतल्या बाजूची कातडी सोलते, आणि हाताने उचलण्यापेक्षा छातीला घट्ट बिलगवून मागे झुकण्यात खरी युक्ती असते.

अशा दगडाचा एक गुण असा की, माणूस मेल्यावर गोष्टीत वाढतो, दगड वाढत नाही. आजोबांनी तो छातीपर्यंत नेला असे सांगितले, तर नातू रविवारी जाऊन ते ताडून पाहू शकतो. म्हणून ज्या गोष्टीला दगड आहे ती गोष्ट फार बहकत नाही, आणि ज्या गोष्टीचा दगड हरवला तिला पंख फुटतात. आयरिश बलवानांच्या दंतकथांचा हा मला दिसलेला मुख्य नियम आहे.

या गोष्टी आज वाचायला मिळतात याचे मोठे श्रेय शाळकरी मुलांना आहे. १९३५ मध्ये आयरिश सरकारने लोकसाहित्य आयोग स्थापन केला आणि १९३७ ते १९३९ या काळात स्वतंत्र आयर्लंडच्या २६ काउंटींमधील सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांना एक काम दिले. वरच्या वर्गांतील मुलांनी घरच्या आणि शेजारच्या वृद्धांना विचारून, ठरवून दिलेल्या विषयांवर, ऐकले तसे वहीत लिहून आणायचे. विषयांमध्ये दुष्काळाच्या आठवणी, घरगुती औषधे, परींचे टेकाड, हवामानाचे ठोकताळे होते आणि ‘गावचे वीर’ हाही एक विषय होता. अंदाजे पन्नास हजार मुलांनी लिहिलेला हा ऐवज आता डब्लिनच्या विद्यापीठात आहे आणि इंटरनेटवर कोणालाही उघडून पाहता येतो. अलीकडच्या काही वर्षांत वॉटरफर्डकडच्या एका ताकदीच्या खेळाडूने याच वह्यांतील उल्लेखांवरून झाडीत आणि गवतात दडलेले बळाचे दगड शोधून पुन्हा उचलायला सुरुवात केली आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने आजीच्या तोंडून टिपलेली एक ओळ ऐंशी वर्षांनी नकाशासारखी वापरली गेली, हे मला त्या दगडांच्या वजनापेक्षाही अधिक नवलाचे वाटते.

दगड नसेल तेथे दुकानातले माप चाले. ५६ पौंडांचे, म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलोंचे लोखंडी वजन धान्य तोलण्यासाठी सर्वत्र असे, आणि ते लांब किंवा उंच फेकण्याची चढाओढ गावच्या खेळांत ठरलेली असे. याच खेळांत तयार झालेले तरुण पुढे पोटासाठी न्यूयॉर्कला गेले, त्यांतले पुष्कळ तेथे पोलिसात लागले आणि अमेरिकेच्या वतीने ऑलिंपिकमध्ये उतरले. लिमरिककडच्या जॉन फ्लॅनगनने १९००, १९०४ आणि १९०८ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके हातोडाफेकीत मिळवली. क्लेअर काउंटीच्या पॅट मॅकडॉनल्डने १९२० मध्ये अँटवर्पला सुवर्णपदक घेतले ते चक्क ५६ पौंडांचे वजन फेकून, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्याविषयी दंतकथा तुलनेने कमी आहेत, असे मला वाटते, आणि कारण उघड आहे: त्यांचे अंतर फूट-इंचांत छापलेले आहे.

आता डॉनेलीकडे येऊ. तो मुळात गावचा नव्हे. १७८८ मध्ये डब्लिनच्या बंदराजवळच्या टाउनसेंड स्ट्रीटवर तो जन्मला आणि व्यवसायाने सुतार होता. उंची सुमारे सहा फूट, अंगाने भरदार. कर्राच्या माळाशी त्याचा संबंध आला तो उघड्या मुठींच्या मुष्टियुद्धामुळे. त्या काळी हा खेळ १७४३ च्या ब्रॉटनच्या नियमांनी चालत असे. हातमोजे नव्हते, राउंडला ठरावीक वेळ नव्हता, एक जण खाली पडला की राउंड संपे, मग अर्ध्या मिनिटात उठून पुन्हा मध्यावर आखलेल्या रेघेशी उभे राहावे लागे, आणि जो उभा राहू शकला नाही तो हरला. १८१४ च्या सप्टेंबरमध्ये डॉनेलीने टॉम हॉल या इंग्रज मुष्टियोद्ध्याला याच खळग्यात हरवले आणि खळग्याला त्याचे नाव मिळाले. पुढच्या वर्षी जॉर्ज कूपर हा दुसरा इंग्रज मुष्टियोद्धा आला. स्तंभावर १३ डिसेंबर १८१५ ही तारीख कोरलेली आहे. अकराव्या राउंडमध्ये डॉनेलीच्या ठोशाने कूपरचा जबडा मोडला आणि लढत संपली. सगळे मिळून वीस-बावीस मिनिटांचा खेळ.

या वीस मिनिटांवर गोष्टींचे इतके थर का चढले, हे तारखांवरून समजते. ब्रिटिश सत्तेविरुद्धचे १७९८ चे बंड चिरडले गेले होते. १८०१ पासून आयर्लंडची स्वतःची संसद उरली नव्हती. कॅथलिकांना लंडनच्या संसदेत बसता यावे यासाठी अजून १८२९ उजाडायचे होते. अशा काळात एका कॅथलिक सुताराने एका इंग्रजाला, सर्वांसमक्ष, दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या नियमांनी, जमिनीवर लोळवले होते. खळग्याच्या उतारावर त्या दिवशी हजारो माणसे दाटली होती, आणि त्यांनी घरी नेले ते लढतीचे वर्णन नव्हते, विजय होता.

पहिला थर गाण्याचा. या लढतीवर जे पोवाड्यासारखे गाणे रचले गेले ते आयर्लंडभर गायले गेले. त्यात एक मिस केली येते. डॉनेली खाली पडतो तेव्हा ती पुढे होऊन त्याला सांगते की माझी सगळी इस्टेट मी तुझ्यावर लावली आहे, आणि त्या शब्दांनी त्याला पुन्हा बळ येते. येथे ऊना आणि तिचे तवे आठवावेत. बलवानाला सावरणारी बाई या कथांमधून सहसा गळत नाही. कूपर डॉनेलीपेक्षा वजनाने बराच हलका होता, ही गोष्ट मात्र गाणे ऐकणाऱ्याला जाणवत नाही.

दुसरा थर शरीराचा. डॉनेलीचे हात इतके लांब होते की न वाकता, ताठ उभे राहून, त्याला गुडघ्याखालची विजारीची बटणे लावता येत, असे सांगतात. हा तपशील मोठा हुशारीचा आहे. ‘त्याचे हात फार लांब होते’ असे म्हटले तर ऐकणारा मान डोलावून विसरतो. बटणांचे ऐकले की तो नकळत स्वतःचा हात खाली सोडून बोटे कोठवर पोहोचतात ते पाहतो. दगड नव्हता तेथे गोष्टीने ऐकणाऱ्याच्याच शरीराचे माप केले.

तिसरा थर मानाचा. १८१९ मध्ये डॉनेली इंग्लंडला गेला, तेथे त्याने टॉम ऑलिव्हरला ३४ राउंडांत हरवले आणि प्रिन्स रीजंटने, म्हणजे आजारी राजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या युवराजाने, त्याला ‘सर’ ही पदवी दिली, अशी कथा रुजली. पदवीला पुरावा नाही, पण ‘सर डॅन’ हे नाव लोकांनी ठेवले ते ठेवलेच. त्यात अभिमान आहे आणि थट्टाही आहे. उधारीवर गुत्ता चालवणाऱ्या दोस्ताला ‘राजे’ म्हणण्यातली थट्टा ज्याला कळते, त्याला ही पदवी समजावून सांगावी लागत नाही.

दोस्तांनी वेढलेल्या डॉनेलीने डब्लिनमध्ये एकामागून एक पब काढले आणि ते नीट चालले नाहीत, कारण तो स्वतःच त्यांचे मोठे गिऱ्हाईक होता. १८ फेब्रुवारी १८२० रोजी, जेमतेम बत्तिशीच्या आसपास, तो वारला. लोकांनी कारण सांगितले ते असे: चेंडूचा खेळ खेळून घामाघूम झाला असताना तो गटागटा थंड पाणी प्यायला. आयुष्यभर दारू पचवणारा माणूस पाण्याने गेला, ही आयरिश विनोदाची खास तऱ्हा आहे, आणि तिला वैद्यकीय निदान समजू नये.

चौथा थर सर्वांत विलक्षण आहे, कारण तो हाडामांसाचा आहे. डब्लिनच्या किलमेनम भागातील बुलीज एकर या गरिबांच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्या काळी वैद्यकीय शिक्षणासाठी कायदेशीर मार्गाने फार थोडी प्रेते मिळत, १८३२ च्या कायद्याने ती अडचण दूर होईपर्यंत थडगी उकरून प्रेते विकणाऱ्यांचा धंदा तेजीत होता, आणि डॉनेलीचे थडगेही त्यांनी सोडले नाही. लोक खवळले. परंपरा असे सांगते की, हॉल नावाच्या सर्जनने प्रेत परत करायला मान्यता दिली, पण उजवा हात ठेवून घेतला आणि एडिंबरोला नेला. पुढे हा वाळवून टिकवलेला हात फिरत्या खेळांतून लोकांना दाखवला गेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बेलफास्टला आला आणि १९५३ मध्ये कर्राच्या जवळच किलकलन या गावातील ‘हाइडआउट’ नावाच्या पबमध्ये काचेच्या पेटीत ठेवला गेला. बोटे किंचित वळलेली, कातडी लाकडासारखी काळपट तपकिरी, आणि शेजारी माणसे बिअर पीत बसलेली. अनेक वर्षे तो तेथेच होता. नंतर २००६ मध्ये न्यूयॉर्कला आयरिश मुष्टियोद्ध्यांवरच्या एका प्रदर्शनासाठी तो विमानाने अटलांटिक ओलांडून गेला.

हाताची ही कथा ऐकून पुष्कळांना किळस येते आणि तो परत पुरावा असे वाटते. ते योग्यही असेल. पण त्या पबमध्ये येणाऱ्यांना बटणांची गोष्ट ठाऊक होती, आणि काचेपाशी उभे राहून ते त्या हाताशेजारी आपला हात धरून पाहत, यात मला काहीच चुकीचे दिसत नाही. इनिश मोरच्या दगडापाशी वाकणारा पोरगा जे करतो तेच ते करत होते.

राहिली पावले. सांगतात ते असे: कूपर पडला, आणि डॉनेली खळग्यातून उतार चढून आपल्या गाडीकडे निघाला, तेव्हा मागून येणाऱ्या लोकांनी त्याच्या प्रत्येक पावलाचा ठसा जमिनीत खणून ठेवला. तेव्हापासून त्या जागी जाणारा प्रत्येक जण स्तंभापासून सुरुवात करून त्याच ठशांत पाय टाकत वर चढतो. गवत वाढायला सवड मिळत नाही. ठसे आता पावलांच्या आकाराचे राहिलेले नाहीत, गोलसर खड्डे झाले आहेत, आणि डॉनेलीच्या बुटाचे माप त्यांच्यावरून कोणालाच सांगता येणार नाही. मोठी माणसे ढांगा टाकत चढतात. लहान मुले एका खड्ड्यातून पुढच्या खड्ड्यात उडी मारतात, आणि पाऊस पडून गेला असेल तर त्यांचे बूट चिखलाने भरतात.